घोरण्याकडे दुर्लक्ष नको

महोदय,

रक्तदाबाची गोळी नियमित घेऊनही आकडा खाली येत नसेल, तर रुग्णाच्या घोरण्याचीही चौकशी व्हायला हवी. घोरणे हे ‘स्लीप ॲप्निया’ या आजाराचे लक्षण असू शकते. या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो, श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि शरीर दचकून जागे होताना हृदयाचे ठोके व रक्तदाब एकदम वाढतात. हे रात्रभर घडत राहिल्यास उच्च रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. रुग्णाला मात्र याचा पत्ताच नसतो. घोरणे मध्येच थांबून गुदमरल्यासारखा आवाज आला, की शेजारी झोपलेली पत्नीच घाबरून उठते आणि दिवसा यंत्रमागापाशी लागलेली डुलकी आळस ठरते. सोलापुरात रात्रपाळी करणाऱ्या कामगारांच्या बाबतीत तर ही डुलकी अपघातालाच निमंत्रण आहे.

दीर्घकाळच्या निद्रानाशाचाही हृदयरोगाशी संबंध आढळला असून, अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयस्वास्थ्याच्या निकषांत झोपेचा समावेश केला. निद्रानाशावर मनानेच झोपेची गोळी किंवा दारू घेणे घातक आहे. दारूने श्वासमार्ग आणखी सैल पडतो.

कामगार वस्त्यांतील आरोग्य शिबिरांत रक्तदाब व साखरेबरोबर घोरण्याविषयीही प्रश्न विचारावेत आणि गरजूंना झोपेची तपासणी व सीपॅप यंत्र (झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र) शासकीय खर्चाने मिळावे, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सोलापूर