बाहेर थांबणं

ती. आई-बाबांस, शि. सा. नमस्कार.

"साहेब झालास, आता आगीत शिरावं लागत नाही ना?" असं आई विचारत होती, तेवढ्यात आगीच्या वर्दीची घंटा झाली आणि फोन तसाच ठेवावा लागला. म्हणून हे पत्र.

आई, कमी शिरावं लागतं. पण बाहेर थांबणं मला जास्त जड जातंय. अग्निशमन केंद्राचा स्टेशन ऑफिसर म्हणून पहिल्या मोठ्या वर्दीला गेलो, तेव्हा जिन्यातून काळा धूर लोटत होता. सवयीने माझा हात पाण्याच्या होजकडे गेला. जवान मात्र माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मीच पाणी मारत बसलो तर इमारतीला चक्कर मारून आग कुठवर गेलीय ते बघणार कोण? वीज तोडायला, जादा बंब मागवायला सांगणार कोण?

दोघांना श्वसनयंत्र लावून आत पाठवलं. आत गेल्याची वेळ आणि सिलिंडरचा दाब फळ्यावर लिहिला. धाप लागली की हवा भराभर संपते, म्हणून माझी नजर घड्याळावरच. बोलावलं, तर वॉकीटॉकीवर उत्तर आलं, "साहेब, पाचच मिनिटं." मी नाही म्हणालो. ते चिडले, पण आले. लगेच दुसरी जोडी आत धाडली.

बाबा, तेव्हा तुम्ही आठवलात. ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होतात, तेव्हा फडातून ट्रॅक्टर हलायच्या आधी तुम्ही माणसं मोजायचात, लेकरंसुद्धा. मीही निघताना तसंच मोजतो.

आई, तुझ्यापासून लपवत नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली आणि इमारत कोसळली. त्यात आमच्या मुंबई अग्निशमन दलाचे ४ अधिकारी गेले, खुद्द प्रमुख अधिकारीही. म्हणून आता भिंतीची भेग, वाकलेली तुळई आधी बघतो. सगळ्यांना कधी बाहेर काढायचं, हे मला ठरवायचं असतं. झोपताना तेच डोक्यात असतं.

बाकी हजेरी, ड्रिल, पंप सुरू करून बघणं, रजिस्टर लिहिणं रोजचंच. एका जवानाची मुलगी आजारी आहे, त्याच्या रात्रपाळ्या बदलून दिल्या.

दिवाळीला मात्र येणं होणार नाही. फटाक्यांमुळे तेव्हाच वर्द्या वाढतात, आणि रजेची यादी मीच करतो. त्यात पहिलं नाव माझं कसं घालू? भाऊबीज झाली की येतो. ताईला तेवढं थांबायला सांगा.

तुमचा,
बाळू