चिपवाल्यांना पॉवर डोमेनबद्दल पण विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात फोनची माहिती येते तेव्हा बॅटरी किती एमएएचची एवढंच येतं, आणि देशी चिपच्या बातम्यांत पण नॅनोमीटर सोडून फारसं काही नसतं, म्हणून हे पत्र. मी पुण्यात लिनक्स कर्नलचे (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ड्रायव्हर, म्हणजे चिपमधला एकेक भाग चालवणारे प्रोग्रॅम, लिहितो आणि बॅटरी नक्की कुठे जाते ते रोज बघतो.

चिपमध्ये जीपीयू (ग्राफिक्सचा भाग), व्हिडिओ डिकोडर, कॅमेऱ्याचं चित्र तयार करणारा आयएसपी, डिस्प्ले असे बरेच भाग असतात, पण प्रत्येकाला वेगळा स्विच असेलच असं नाही, काही भाग मिळून एकाच स्विचवर असतात, त्यालाच पॉवर डोमेन म्हणतात. त्यामुळे ड्रायव्हरने परस्पर वीज तोडायची नाही, नाहीतर शेजारचा भाग पण बंद पडेल. "मला लागतंय" आणि "माझं झालं" एवढंच कर्नलला सांगायचं, सगळ्यांचं झालं की कर्नल बंद करतो. लिनक्समध्ये ही सोय राफाल विसोत्स्की यांनी २०११ मध्ये आणली. आणि कोण कुठल्या स्विचवर आहे हे लिहायची जागा म्हणजे डिव्हाइस ट्रीची फाइल, चिपमध्ये काय काय आहे ते कर्नलला सांगणारी यादीच ती.

आता या फाइलमध्ये नुसती नावं लिहून भागत नाही बरं का. पाइनबुक प्रो लॅपटॉपमधली रॉकचिप कंपनीची आरके३३९९ चिप घ्या, तिची फाइल सगळ्यांना उघडून बघता येते. त्यात व्हीआयओ नावाच्या डोमेनच्या पोटात दोन आयएसपी, एचडीसीपी (व्हिडिओची कॉपी रोखणारा भाग) आणि डिस्प्लेचं व्हीओ अशी डोमेन, त्या व्हीओच्या पोटात अजून दोन, म्हणजे आतलं चालू पाहिजे तर बाहेरचं चालू ठेवावंच लागतं. शिवाय डोमेनपाशी क्लॉक, म्हणजे त्या भागाला ताल देणारे सिग्नल, लिहिलेले असतात, कारण चालू-बंद करताना तो भाग बसपासून, म्हणजे चिपमधल्या डेटाच्या रस्त्यापासून, नीट सोडवायला क्लॉक चालू लागतात. क्यूओएसची, म्हणजे मेमरी आधी कोणाला द्यायची हे ठरवणारी, रजिस्टर (चिपमधले सेटिंगचे छोटे कप्पे) पण लिहिलेली असतात, वीज गेली की त्यातली सेटिंग पुसली जातात, म्हणून बंद करायच्या आधी वाचून ठेवायची आणि परत आल्यावर भरायची, नाहीतर मेमरीसाठी गर्दी झाली की कोणाला आधी द्यायचं हेच ठरलेलं नसतं. हे कोणीतरी बसून एक एक ओळ लिहिलंय आणि ते खरंच मोलाचं काम आहे.

आणि हे लिहिलेलं नसलं की काय होतं? बंद डोमेनमधलं रजिस्टर ड्रायव्हरने वाचायला घेतलं की बऱ्याच चिपवर आख्खं मशीन जागच्या जागी अडकतं, लॉगमध्ये एक ओळ पण येत नाही, कुठे शोधायचं तेच कळत नाही.

एका चिप कंपनीने आम्हाला दिलेल्या कोडमध्ये ही माहिती अर्धवट होती. बूट, म्हणजे मशीन सुरू होणं, संपताना कोणी न मागितलेले डोमेन कर्नल बंद करायला जायचा आणि बोर्ड हँग. त्यावर त्यांचा उपाय काय तर सुरू होताना कर्नलला ज्या ओळीत सूचना देतात त्यात 'पीडी इग्नोर अनयूज्ड' टाका, म्हणजे न वापरलेली डोमेन बंद करूच नको. अहो तो पर्याय चूक शोधताना वापरायचा आहे, प्रॉडक्टमध्ये ठेवायचा नाही! तो ठेवला की बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमने) चालू करून ठेवलेलं पण कोणीच न वापरलेलं डोमेन तसंच चालू राहतं, आणि काही काम नसताना पण त्यात वीज झिरपत राहते. ग्राहकाला वाटतं बॅटरीच खराब.

सरकारने २०२१ मध्ये चिप डिझाइनला मदत देणारी डीएलआय (डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह) योजना आणली, चांगलीच गोष्ट आहे. पण अशा मदतीला एक अट जोडा, की लिनक्स चालवणाऱ्या चिपचं पॉवर डोमेनचं वर्णन आणि त्याचा ड्रायव्हर मूळ लिनक्समध्ये गेला पाहिजे. कंपनीच्या खाजगी कोडमध्ये पडून राहिला की कंपनीने लक्ष काढून घेतल्यावर नवीन कर्नल त्या चिपवर चालवणं फार अवघड होऊन बसतं, आणि चांगलं चालणारं मशीन भंगारात जातं.

पुढच्या वेळी तुमचा बातमीदार चिपवाल्यांना भेटेल तेव्हा त्याने एवढं जरूर विचारावं: डोमेनची माहिती खुली आहे का, मूळ कर्नलमध्ये गेली का, आणि तो इग्नोरवाला पर्याय न टाकता बोर्ड बूट होतो का. उत्तर काय येईल ते छापा.

– एक वाचक, पुणे