चूक कमरेची नव्हे, पावलांची

अमेरिकन फुटबॉलमधल्या दुखापती 'खेळात चालायच्याच' म्हणून सोडून देणे पटत नाही. एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, मार्च २०२४मध्ये 'हिप-ड्रॉप टॅकल'वर बंदी घातली. चेंडू घेऊन पळणाऱ्याला मागून कवळायचे, कंबर वळवून स्वतःचे वजन सोडून द्यायचे आणि त्याच्या पायावर बसकण मारायची, असा हा प्रकार. पळणाऱ्याचा बूट गवतात रुतलेला असतो, त्यावर शंभरेक किलो कोसळतात. घोटा पिरगळतो, कधी हाडच मोडते. शिक्षा १५ यार्डांची आणि आपोआप फर्स्ट डाउन, म्हणजे चेंडूवाल्या संघाला पुन्हा नव्याने चार प्रयत्न. पण तोवर पाय गेलेला असतो!

ही खोड सरावातच मोडावी लागते. शेवटची पावले आखूड टाकायची, जवळचा पाय पळणाऱ्याशेजारी रोवायचा, डोके त्याच्या मागच्या बाजूला ठेवायचे, खांदा मांडीला भिडवायचा, हात आवळायचे आणि पाय चालवत राहायचे. प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी सिअ‍ॅटल सीहॉक्स या एनएफएल संघामध्ये रग्बीतली ही खांद्याची पद्धत रुजवली. पाऊल अर्ध्या हाताने जरी कमी पडले, तरी खेळाडू हातांवर लटकतो. लटकला की कंबर टाकतो.

खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०११च्या करारापासून नियमित हंगामात संरक्षक पॅड घालून सराव जेमतेम १४च. डोक्याच्या दुखापती टाळण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण पावलांना पॅड कशाला हवेत? पळणाऱ्याऐवजी घरंगळत्या मऊ चाकाला कवळून रोज दहा मिनिटे हा सराव प्रशिक्षकांनी घेतलाच पाहिजे.

— एक वाचक, ठाणे