मेणवलीची घंटा आणि तिचं माहेर

संपादक महोदय,

मेणवलीच्या घाटावरची घंटा आम्हा वाईकरांना लहानपणापासून ओळखीची. शाळेत नोकरी असेपर्यंत मी दर वर्षी चौथीची मुलं तिथे न्यायची. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ साल. "बाई, महादेवाच्या देवळापाशी ही कशी काय?" कुणीतरी विचारायचंच. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथली ही घंटा, एवढं सांगून मी पोरांना नाना फडणवीसांच्या वाड्याकडे वळवायची. वसई मी स्वतः कुठे पाहिली होती!

यंदा दिवाळीत मुलीकडे विरारला गेले आणि किल्ल्यात अख्खा दिवस काढला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळालेली ही जागा पोर्तुगीजांनी दोनशे पाच वर्षं राखली. सुरुंग लावून, बुरूज फोडून मराठ्यांनी ती घेतली. पुढे ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईचाच. अभिमान आणि सल एकाच गावात.

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या फरश्या आहेत, पोर्तुगीज अक्षरं आणि कुलचिन्हं कोरलेल्या. मी गेले तेव्हा त्यांतल्याच एका फरशीवर दिव्यांचे स्टँड रोवून लग्नाआधीचे फोटो काढणं चाललं होतं. तटाच्या सांध्यांतून मनगटाएवढी पिंपळाची मुळं बाहेर आलेली. बुंधे छाटलेले, पण त्यांनाच नवी तांबूस पालवी.

पिंपळ वरवर छाटून जात नाही. गणपती आळीतल्या आमच्या घराच्या भिंतीत असंच रोप होतं. दोनदा कोयत्याने कापलं, तिसऱ्या वर्षी मुळाने वीट पुढे ढकलली. शेवटी गवंड्याने सांधा उकरून मूळ ओढून काढलं आणि चुना भरला, तेव्हा ते थांबलं. वसईच्या तटालाही दर वर्षी मृगाआधी हेच करायला हवं. सांध्यांत सिमेंट नको, चुनाच हवा. थडग्यांभोवती कठडा घालावा आणि प्रत्येक फरशीवरचा मजकूर मराठीत लिहून शेजारी लावावा. मेणवलीत मुलं बोट फिरवून १७०७ वाचतात, तशी वसईतली सालंही त्यांना वाचता यावीत.

आमच्या शाळेची सहल जानेवारीत निघते. ती यंदा वसईला न्यावी म्हणून मी मुख्याध्यापकांना पत्र दिलं आहे. मुलांबरोबर मीही येते, असं त्यात लिहिलं आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)