मनू, ती नोंदवही बंद करू नकोस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू बोलता बोलता फोन ठेवून दिलास. तेव्हापासून रोज तुला फोन लावायचा म्हणते आणि राहतं. फोनवर आपलं दोघींचंही तोंड सुटतं, म्हणून आज कागद घेऊन बसले. बाबा म्हणाले, लिही, पण तिच्या त्या सर्पदंशाच्या रुग्णांच्या नोंदवहीचा विषय काढू नकोस, ती आधीच वैतागली आहे. बरं, नाही काढत.

आधी घरचं सांगते. बाबांची शुगर आटोक्यात आहे, पण संध्याकाळचं फिरणं त्यांनी पुन्हा बंद केलंय. भाऊकाका येऊन गेले. वाटणीचं अवाक्षर काढलं नाही, तुझीच चौकशी करत होते. मावशीने गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरवलंय. तुला विचारल्याशिवाय तारीख घेणार नाही म्हणते, तेव्हा तिला एक फोन कर.

इंटरव्ह्यूत त्या सरांनी सगळ्यांसमोर ‘एच-इंडेक्स चारच का?’ असं विचारलं हे तू सांगितलंस, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो एच-इंडेक्स म्हणजे काय ते मी बाबांकडून समजून घेतलं. बाबा जन्मभर गणित शिकवत आले, त्यामुळे त्यांनी पाटीवर मांडावं तसं समजावलं. तुझे चार पेपर असे आहेत, की त्यातला प्रत्येक निदान चार वेळा दुसऱ्या कुणीतरी आपल्या पेपरात उद्धृत केलाय. २००५ साली हर्श नावाच्या अमेरिकेतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने ही युक्ती काढली. मग मी विचारलं, ज्याने पेपर वाचला, त्याप्रमाणे रुग्णाला औषध दिलं, पण स्वतः कधी काही लिहिलं नाही, तो कुठे मोजला जातो? बाबा म्हणाले, तो कुठेच नाही. तिथपासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय.

तुला आठवत नसेल, मी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरीला लागले तेव्हा आपल्या भागात विंचू चावला म्हणजे घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. तो लाल विंचू. भातकापणीच्या दिवसांत, भारे उचलताना, रात्री अंथरुणात, कुठेही. आधी भगताकडे नेऊन विंचू उतरवायचे आणि मग आमच्याकडे आणायचे. एक मुलगा मी विसरू शकत नाही. घामाने चादर पिळून काढावी इतकी ओली, हातपाय बर्फासारखे गार, उलट्या थांबेनात. तेव्हा जे देत होते ते सगळं डॉक्टरांनी दिलं. पहाटे त्याच्या तोंडाला गुलाबी फेस आला. त्याची आई मला विचारत होती, विंचवाने माणूस मरतो का गं बाई? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच सुमारास महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर अशा रुग्णांच्या उशाशी बसून काय काय होतं ते तासातासाला टिपून ठेवत होते. कुठली मोठी लॅब नाही, नावापुढे कुठली संस्था नाही. १९८२ साली ते लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. विंचवाच्या विषाने हृदयावर काय परिणाम होतो, तो आधी कसा ओळखायचा, हे त्यात होतं. पुढे त्यांनी प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. विषामुळे शरीरात जो ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, त्याचा रक्तवाहिन्यांवरचा मारा ही गोळी अडवते. जिथे शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत होते, तिथे ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा तुझे बाबा पेढे घेऊन आले होते, जणू आपल्याच घरात मिळाली.

आमच्यापर्यंत हे पेपर म्हणून आलंच नाही. नवीन आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, ही गोळी द्यायची, तीन-तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत, आणि गोळी दिल्यावर रुग्णाला उठू द्यायचं नाही, आईने मुलाला उचलून घ्यायचं नाही, नाहीतर रक्तदाब एकदम खाली येईल. एवढंच. मी ते एका वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या प्रत्येक सिस्टरला लिहून दिलं. तू पहिली-दुसरीत असशील. माझी रात्रपाळी होती आणि घरी कोणी नव्हतं म्हणून तुला बरोबर नेलं होतं. बाकावर झोपवलं तरी तू उठून आलीस आणि कॉटवरच्या पोराचा अंगठा हातात धरून म्हणालीस, ‘आई, याचे पाय गरम झाले गं.’ मी हात लावून पाहिला, खरंच गरम झाले होते. डॉक्टरांना मी तुझं नाव सांगितलं, ते हसून म्हणाले, हिला डॉक्टर करा. इतकी वर्षं मी हे तुला मुद्दाम सांगितलं नाही, आईने स्वप्न लादलं असं तुला वाटू नये म्हणून.

सांगायचं हे, की लॅन्सेटच्या त्या पेपराचा उपयोग करणारे आम्ही सगळे, सिस्टर, कंपाउंडर, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, यातल्या एकानेही कधी पेपर लिहिला नाही. म्हणून सायटेशनच्या, म्हणजे दुसऱ्यांनी पेपर किती वेळा उद्धृत केला त्या आकड्यात आम्ही नाही. जीव वाचलेली पोरं तर नाहीतच.

तुझं सापाचं काम तसंच आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला ५८ हजार, हे तूच मला सांगितलंस. त्यातली बहुतेक दवाखान्यात पोचलीच नाहीत, घरीच गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, तेव्हा तू रात्री अकराला फोन करून ओरडली होतीस. घोणस किंवा फुरसं चावून बरा होऊन घरी गेलेला माणूस वर्षभराने कसा आहे, त्याच्या किडनीचं काय झालं, हे बघायला कोण जातं? तू जातेस. आणि आता म्हणतेस, त्या वहीत नवीन नावं घेणं बंद करते, मोठ्या ग्रुपमध्ये जाते, वर्षाला सहा-सात पेपरांवर नाव लागेल.

बघ, काढलाच विषय. बाबांना सांगू नकोस.

मी तुला मोठ्या ग्रुपमध्ये जाऊ नकोस म्हणत नाही. तुझी नोकरी आहे, प्रमोशनला पेपर लागतात, घराचे हप्ते आहेत, हे मला कळतं. पेन्शनवर बसून तत्त्वं सांगणं सोपं असतं. पण त्या आकड्याला तू स्वतःची किंमत समजायला लागलीस, याची मला भीती वाटते. दिवाळीत आली होतीस तेव्हा रात्री दीडला तुझ्या खोलीत उजेड दिसला. मला वाटलं वाचते आहेस. तू सायटेशनचा आकडा दाखवणारं ते गुगल स्कॉलरचं पान पुन्हा पुन्हा उघडत होतीस, आदल्या दिवशीचाच आकडा होता. तेव्हा बोलले नाही, दूध आणून ठेवलं आणि गेले.

बाबांनी त्या आकड्यांबद्दल आणखी बरंच वाचून काढलंय, तुझ्यासाठी म्हणून. जगात सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेला पेपर १९५१ सालचा आहे, लाउरी नावाच्या शास्त्रज्ञाचा, प्रथिनं किती आहेत ते मोजायच्या पद्धतीचा. तीन लाखांवर सायटेशन. चांगलं काम आहे, सगळ्यांना लागतं, म्हणून सगळे त्याचं नाव घेतात. आणि दुसरीकडे तो वेकफिल्डचा १९९८ सालचा पेपर, लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा. लॅन्सेटने २०१० साली तो मागे घेतला. त्यालाही भरपूर सायटेशन आहेत, कारण तो खोडून काढणारासुद्धा त्याचा उल्लेख करतो आणि तेही आकड्यात जमा होतं. वाडीवाडीत गोवराची लस टोचण्यात माझा जन्म गेला, मला हे ऐकून चीड आली.

पण माझ्या मनात राहिले ते कलकत्त्याचे शंभुनाथ डे. १९५९ साली त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू वाढवलेलं पण जंतू गाळून काढलेलं पाणी सोडलं. आतडं पाण्याने फुगलं. म्हणजे जुलाब जंतूंमुळे थेट होत नाहीत, त्यांनी सोडलेल्या विषामुळे होतात. ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं आणि बरीच वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आता नियतकालिकाचं वजन सायटेशनवरून मोजणारा तुमचा तो इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोनच वर्षांचे पेपर धरतो ना? दोन वर्षांत डे यांचं काय दिसलं असतं? ते १९७३ला निवृत्त झाले, १९७८ला स्टॉकहोमला नोबेलच्या परिसंवादाला बोलावणं आलं. आपल्या देशातल्या एकाही अकादमीने त्यांना हयातीत फेलो केलं नाही. १९८५ला गेले. आणि ज्या युजीन गारफिल्डने सायटेशन मोजायची ही सगळी पद्धत उभी केली, त्यानेच १९८६ साली डे यांच्या कामावर लेख लिहिला. हे वाचून दाखवताना बाबांचा आवाज बसला होता.

मला तुझ्या बाबतीत एवढा उशीर नको आहे, मनू. तुझं कौतुक तुला बघायला मिळावं. मी काही साधुसंत नाही, मलाही वाटतं त्या सरांनी उठून तुला खुर्ची द्यावी. तुझ्या पेपराचं पहिलं पान मी लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. पहिलं नाव तुझं आहे. इंग्रजी सगळं कळत नाही, पण टेबलातले आकडे मला कळतात. त्यातली एकेक ओळ म्हणजे एसटीने येऊन तुझ्यासमोर बसलेला माणूस आहे.

फार भाषण झालं. रागावू नकोस. तुझ्या वयाला मी दोन पाळ्या सलग करून कुणाचं ऐकून घेत नसे, खात्री करून घ्यायला आता आजी नाही.

एकच विचारते, मग तू ठरव. मोठ्या ग्रुपचं काम घे, पण वही चालू ठेवता येणार नाही का? महिन्यातून एक शनिवार? फोन करून माणसं बोलावणं, पत्ते शोधणं, कोण आलं नाही ते बघणं, हे काम मला येतं. आयुष्यभर तेच केलं. ऑथर म्हणून नाव नको, उगाच तुमचे नियम मोडतील. रुग्णाची परवानगी, कागदपत्रं, जे लागेल ते तू बघ, माझी सही कुठे लागते ते सांग.

आणि सरांनी चार म्हटलं म्हणून जेवण सोडू नकोस. आवाजावरून कळलं मला.

शेजारचा मुलगा शुक्रवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर कुळथाचं पीठ, आमसुलं आणि तुझा जुना राखाडी स्वेटर पाठवते. पीठ डब्यात काढून ठेव, मागच्या वेळी पिशवीतच ठेवलंस आणि पोरकिडे झाले.

गेल्या वर्षी घोणस चावलेली ती कातकरवाडीतली बाई, जिचं क्रिएटिनिन, ते किडनीचं रक्तातलं माप, उतरत नव्हतं, तिची तारीख याच महिन्यात आहे ना? आली का? आली नसेल तर तिकडच्या आशाताईंचा नंबर माझ्याकडे आहे, मी उद्याच लावते. तारीख तेवढी मेसेज कर.

तुझी,
आई