थीम पार्कच्या लेखात जेवणाचं बुकिंग का नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डवर लेख आला होता तो वाचला. चांगला आहे, राइड्सची माहिती व्यवस्थित दिलीय, कुठल्या पार्कला किती वेळ ठेवायचा तेही सांगितलंय. पण खाण्यापिण्याचा विषय एका ओळीत संपवलाय, की तिथे जागोजागी सोय आहे, काळजी नको. ती ओळ वाचली आणि मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. कारण हेच आम्हालाही सांगितलं गेलं होतं आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून गेलो होतो.

आम्ही सहा जण होतो. मी, नवरा, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, आणि सासूसासरे. सासूबाईंना डायबेटीस आहे, वेळेवर खाणं झालंच पाहिजे. ज्या एजंटकडून तिकिटं आणि हॉटेल घेतलं त्याला मी दोनदा विचारलं होतं की जेवणाचं काय, तर म्हणाला मॅडम तिथे गेल्यावर बघू, भरपूर ऑप्शन असतात. ऑप्शन भरपूर असतात हे खरंच आहे. पण बसून जेवायची बहुतेक रेस्टॉरंट्स आधीच बुक झालेली असतात हे त्याने सांगितलं नाही, त्याला माहीत नसावं किंवा त्याच्या पॅकेजमध्ये ते बसत नसावं.

पहिल्याच दिवशी मॅजिक किंग्डम या पार्कमध्ये साडेबाराला सगळ्यांना भूक लागली. एका रेस्टॉरंटच्या दारात गेलो तर रिझर्वेशन आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर डिस्नीच्या ॲपमध्ये वेटलिस्ट बघा म्हणाले, वेटलिस्ट बंद होती. दुसरीकडे तेच, तिसरीकडे तेच. मग काउंटरवरून घेऊन खायचं ठरवलं तर सहा जणांना बसायला एकत्र जागा नाही, नवरा ट्रे घेऊन उभा, मी टेबल शोधतेय, मुलगी कडेवर रडतेय, आणि मागून सासऱ्यांनी हाक मारली. बघते तर सासूबाई एका कठड्याला टेकून उभ्या, घामाने डबडबलेल्या, हात थरथरतायत. "अगं, मला आधी कुठेतरी बसू दे," एवढंच म्हणाल्या. माझ्या पर्समध्ये मुलीसाठी घेतलेला ज्यूस होता तो त्यांना दिला आणि दहा पंधरा मिनिटांनी त्या सावरल्या. (प्रत्येक पार्कमध्ये फर्स्ट एड सेंटर असतं आणि तिथे नर्स असतात हे आम्हाला नंतर कळलं, ते पण आधीच नकाशावर बघून ठेवा.)

त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली. अशा ठिकाणी जेवणाचं बुकिंग म्हणजे हौस नाही. उन्हात सकाळपासून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आणि लहान पोराला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, एसीत तासभर बसायला मिळणं म्हणजे ते बुकिंग. राइड चुकली तर दुसरी करता येते, पण जेवणाची वेळ चुकली तर अख्खा दिवस हातातून जातो.

आता माहिती सांगते, कारण ती छापलीत तर कुणाचा तरी दिवस वाचेल. डिस्नी वर्ल्डमध्ये टेबल सर्व्हिसची, म्हणजे बसून जेवायच्या रेस्टॉरंटची, बुकिंग ६० दिवस आधी उघडतात. २०२० च्या आधी हे १८० दिवस होतं, त्यामुळे इंटरनेटवर जुनी माहिती वाचून लोक गोंधळतात, सहा महिने आधी बघायला जातात, काही दिसत नाही म्हणून सोडून देतात आणि मग खऱ्या वेळेला विसरतात. ऑनलाइन बुकिंग तिथल्या सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतं. म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन, आणि त्यांचं घड्याळ मागे असतं तेव्हा, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, साडेचार. रात्र जागायची गरज नाही, ऑफिसात चहाच्या वेळेला सुद्धा होतं, फक्त तारीख बरोबर मोजलेली पाहिजे. १० मेला पोचणार असाल तर ६० दिवस आधीची तारीख ११ मार्च येते, ती आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती ती म्हणजे, डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पोचायच्या दिवसाच्या ६० दिवस आधी पूर्ण मुक्कामाची बुकिंग एकदम करता येतात, जास्तीत जास्त दहा दिवसांची. बाहेरच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज एकेक दिवस उघडतो. याचा अर्थ असा की तुम्ही आत राहणार असाल आणि एखादं ठिकाण फार मागणीचं असेल, तर ते पहिल्या दिवसाला शोधू नका, मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांना शोधा, कारण त्या तारखेसाठी बाहेरच्या लोकांना अजून दारच उघडलेलं नसतं. किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल, बी अवर गेस्ट, एप्कॉट या दुसऱ्या पार्कमधलं स्पेस २२० ही अशी ठिकाणं आहेत जी पटकन जातात. आम्ही नेमकं उलटं केलं असतं, उत्साहात पहिल्याच दिवसाला मागितलं असतं.

हे मी त्याच्या पुढच्या वर्षी शिकले, नणंद तिच्या कुटुंबाला घेऊन निघाली तेव्हा. तिला म्हटलं तू तिकिटं बघ, जेवणाचं माझ्याकडे दे. आदल्या दिवशी अकाउंट उघडून सगळ्यांची नावं भरली, कार्ड सेव्ह केलं, कारण बुकिंगला कार्ड लागतंच आणि त्या घाईत सोळा आकडे टाईप करत बसलात तर तेवढ्यात टेबल जातं. आमच्या घरात वाद झाला तो रेस्टॉरंट कुठलं यावर नाही तर किती यावर. तिच्या नवऱ्याला रोज दोन वेळा बसून जेवायचं होतं. मी त्याला सांगितलं की दिवसाला एकच, जास्त नाही. कारण एक जेवण म्हणजे चेक इन, थांबणं, ऑर्डर, बिल धरून दीड तास, आणि त्या वेळेला पोचण्यासाठी हातातलं सगळं सोडून चालत निघायचं ते वेगळंच. रिझर्वेशनची वेळ म्हणजे त्या मिनिटाला टेबल तयार असेल असंही नसतं, पुढचं रिकामं होणारं टेबल तुमचं एवढाच त्याचा अर्थ, पंधरा वीस मिनिटं थांबावं लागू शकतं. म्हणून ज्याला डायबेटीस आहे त्याच्यासाठी खिशात काहीतरी पाहिजेच. पार्कमध्ये घरून आणलेलं खाणं न्यायला परवानगी आहे, काचेच्या वस्तू आणि दारू सोडून, गरम करावं लागणार नाही असं खाणं चालतं, आणि काउंटरच्या रेस्टॉरंटमध्ये प्यायचं थंड पाणी मागितलं तर फुकट देतात.

वेळ निवडताना मी अकरा सव्वाअकरा नाहीतर अडीच अशी बघते. साडेबाराला सगळं जग जेवतं, टेबल मिळत नाही आणि मिळालं तरी आत गोंगाट. आणि उन्हाळ्यात दुपारी तिथे विजांचा पाऊस येतो, त्या वेळेला तुम्ही आत बसलेले असाल तर निम्मी चिडचिड वाचते. कुटुंबात सगळ्यात आधी कोण थकतं, त्याच्या घड्याळावर बुकिंग करायचं. नणंदेच्या घरी तो तिचा साडेतीन वर्षांचा धाकटा होता, आमच्या घरी सासूबाई.

अंतराचं पण सांगितलंच पाहिजे. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं पण ती जागा साधारण ४० चौरस मैलांची आहे, चार वेगवेगळे पार्क आहेत, आणि एका पार्कमधून निघून दुसऱ्या टोकाच्या हॉटेलात जेवायला जायचं म्हणजे चालणं, बसची वाट बघणं आणि प्रवास धरून तास सहज जातो. ज्या पार्कमध्ये असाल तिथलंच बुक करा. हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटना मात्र पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून ती पोचायच्या दिवशी किंवा मधल्या आरामाच्या दिवशी ठेवायची. नणंदेने पोचल्याच्या संध्याकाळी कंटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज घेतलं होतं, मिकी स्वतः टेबलापाशी आला, धाकट्याने त्याला मिठी मारली, आणि त्या दिवसाचं पार्कचं तिकीट वाया गेलं नाही.

पैशांचंही थोडं. तिथे तीन ते नऊ वर्षांपर्यंत मुलांचा दर, दहा पूर्ण झाले की मोठ्यांचा. आमचा अकरा वर्षांचा मुलगा चार घास खातो पण बुफेला त्याचे मोठ्या माणसाएवढे पैसे, हे आधी माहीत असतं तर त्याच्यासाठी मेन्यूवरून मागवता येईल अशी जागा घेतली असती. तीन वर्षांखालच्या मुलाला बुफेला वेगळे पैसे नाहीत. सहा किंवा त्याहून जास्त जण असाल तर बिलात १८ टक्के टीप आधीच लावलेली असते, बिल नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल.

आता ज्यांना उशीर झालाय त्यांच्यासाठी. आमचं पहिल्या दिवशी जे झालं त्या रात्री मी हॉटेलात फोन घेऊन बसले, मुलं झोपली होती, आणि ॲप पुन्हा पुन्हा बघत राहिले. बहुतेक ठिकाणी जेवणाच्या दोन तास आधीपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येतं, त्यानंतर आला नाहीत तर माणशी १० डॉलर कापतात, त्यामुळे लोक आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी बुकिंग सोडतात. सहा जणांचं टेबल दिसत नव्हतं म्हणून चार जणांचं एक आणि दोघांचं एक असं शोधलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारचं सना रेस्टॉरंटचं मिळालं, ॲनिमल किंग्डम लॉज या हॉटेलातलं. पार्कचा दिवसच सोडून दिला आम्ही, नवरा जरा नाराज झाला, तिकिटाचे पैसे गेले. पण सासूबाई खुर्चीत टेकून बसल्या, समोर नान आणि सात आठ प्रकारच्या चटण्यांच्या वाट्या आल्या, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत होता. सासरे जेवण सोडून काचेपाशीच जाऊन उभे राहिले. तिथे जायचं तर दुपारीच जा हो, अंधार पडल्यावर बाहेरचं काही नीट दिसत नाही.

त्या दहा डॉलरबद्दल आणखी एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. काही लोक एकाच दिवसाला दोन तीन ठिकाणी टेबलं धरून ठेवतात, ऐनवेळी बघू म्हणून. आमच्या ओळखीतही करतात. रद्द करा हो वेळेवर. दंड नको म्हणून नाही, त्या रात्री माझ्यासारखी कुणीतरी फोन हातात घेऊन बसलेली असते म्हणून. नणंदेचा एक दिवस मुलाला ताप आल्यामुळे बदलला, तिने पहाटे उठून पहिलं काम ते टेबल सोडायचं केलं, डॉक्टरला फोन त्याच्यानंतर. डिनर शोचं, म्हणजे जेवता जेवता कार्यक्रम बघायचा त्याचं, मात्र वेगळं असतं, त्याचे पैसे आधी भरावे लागतात आणि नियम त्यांचे त्यांचे असतात, ते बुक करतानाच वाचायचे.

फ्लोरिडाच्या डिस्नीचंच सगळीकडे लागू होतं असं पण समजू नका. टोकियोच्या डिस्नीला एक महिना आधी तिथल्या सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहा. प्रत्येक पार्कचा हिशोब वेगळा, म्हणून तिकीट घेतल्या घेतल्या पहिला प्रश्न हाच विचारायचा, जेवणाचं बुकिंग कधी उघडतं.

आणि हा प्रश्न घरात एकटीने विचारायचा नाही. आमच्याकडे विमान नवऱ्याने बघितलं, हॉटेल एजंटने, आणि जेवण म्हणजे बायकांचं म्हणून ते माझ्यावर राहिलं, पण तारीख मला कुणी दिलीच नाही. नणंदेच्या वेळी मी ती तारीख घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाकायला लावली.

तुमचा पेपर आमच्याकडे सासरे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, असे हजारो वाचक असतील आणि त्यातले कितीतरी येत्या सुट्टीत नातवंडांना घेऊन निघतील. टूर कंपन्यांच्या जाहिराती तुमच्याकडे पानभर येतात, त्यांनाही हे विचारा की ग्राहकाला बुकिंगची तारीख लेखी देता का. आणि पुढच्या वेळी अशा जागेवर लेख छापाल तेव्हा राइड्सच्या चौकटीशेजारी जेवणाची एक चौकट टाका, किती दिवस आधी, किती वाजता, रद्द कधीपर्यंत, एवढ्या तीन ओळी पुरे आहेत.

आपली,
एक नियमित वाचक