थिजलेले तेल, थकलेले पगार

सुदानमधील युद्धाच्या बातम्यांत खार्तूम आणि दारफूर दिसतात. शेजारच्या दक्षिण सुदानची परवड मात्र निसटते. त्या देशाला समुद्र नाही. सरकारचे जवळपास ९० टक्के उत्पन्न तेलाचे, आणि ते तेल सुदानमधून पोर्ट सुदान बंदरापर्यंत तेलवाहिनीतून जाते. दक्षिण सुदानच्या अप्पर नाईल भागातले कच्चे तेल मेणचट. ते गरम आणि वाहते ठेवावे लागते, त्यासाठी वाटेतल्या पंपिंग स्टेशनांना डिझेल लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये लढाईमुळे डिझेल पोहोचले नाही. तेल थिजले, वाहिनी फुटली. दुरुस्तीला जायचे तर मध्ये लढाईची आघाडी! या वाहिनीतली निर्यात सुमारे वर्षभर खोळंबली. सरकारी नोकरांचे, सैनिकांचेही पगार महिनोन्‌महिने थकले, चलन कोसळले. त्याच काळात सुदानमधून लाखो लोक सीमेजवळच्या रेन्क या गावाच्या बाजूने दक्षिण सुदानमध्ये येत होते. मृतांच्या आकड्यांत हे नुकसान धरले जात नाही. शस्त्रसंधीच्या मसुद्यात इंधनाचे टँकर आणि दुरुस्ती पथकांना सुरक्षित वाट देण्याचे कलम आधी हवे. सत्तावाटपाचा घोळ नंतर घालता येईल.

– एक वाचक, नाशिक